अँगोरा ससा ठाण्यात सांभाळताना: विंचरणं, जटा आणि लोकरकातरणी

चार वर्षांपूर्वी आमच्या कोलशेतच्या इमारतीतलं एक कुटुंब परगावी गेलं आणि त्यांचा ससा आमच्याकडे राहिला. मादी आहे. रुईच्या बोंडातून सुटलेल्या म्हातारीसारखी दिसते, म्हणून घरात तिचं नाव म्हातारीच पडलं. वरून लोकर छान फुललेली होती. पोटाखाली हात घातला तर बोटं आत जाईनात. दोन्ही बगलांपासून मांड्यांपर्यंत जटेचा सलग थर होता, नमद्यासारखा (लोकर दाबून केलेल्या जाड कापडासारखा) घट्ट. डॉक्टरांनी तो कापून काढला तेव्हा खालची कातडी लालबुंद आणि ओलसर होती.

त्या दिवसापासून मी हे काम शिकत आले. पुढे भुऱ्या नावाचा दुसरा ससाही घरात आला. नवीन माणूस विचारतो, "लोकर किती निघते?" माझ्या मते आधी विचारायला हवं, "लोकर अंगावर किती दिवस ठेवायची?" आपल्या दमट हवेत अँगोराचं विंचरणं आणि कातरणं हे त्याला जिवंत आणि सुखी ठेवण्याचं काम आहे. लोकर त्यातून हाती येते. हा क्रम उलटा केलात तर ससा आजारी पडतो आणि लोकरही खराब निघते.

१. आणण्याआधी: हवा आणि जात

हा थंडीतला प्राणी आहे. भारतात जर्मन अँगोरा पाळला जातो तो मुख्यतः हिमाचल, उत्तराखंडासारख्या थंड भागात. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं अँगोरावर काम करणारं केंद्रसुद्धा कुलू जिल्ह्यात गडसा इथे आहे. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. १५ ते २२ अंशांत तो आरामात असतो, २८-३० च्या पुढे त्याच्या जिवाला धोका सुरू होतो. ठाण्यात, नवी मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात काय हवा असते ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून एसीची एक खोली त्याच्यासाठी लागेलच, आणि ती दुपारी तुम्ही कामावर असतानाही चालू हवी. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार असा निरोप आला की मी आदल्या रात्री पाण्याच्या चार बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवते आणि फडक्यात गुंडाळून सशांजवळ ठेवते. त्या बाटल्यांना टेकून ते पडून राहतात. बंद गॅलरीत पिंजरा ठेवायचा विचार असेल तर कृपा करून हा ससा घेऊ नका. एसीचं बिल परवडणार नसेल तरी घेऊ नका. आणि विकायला म्हणून पाळायचा विचार असेल तर तो इथे नकोच. खोली थंड ठेवण्याचा खर्च लोकरीतून कधीच निघत नाही.

जात ओळखणं गरजेचं, कारण कातरायचं की हाताने काढायचं हे जातीवर ठरतं. इंग्लिश अँगोरा लहान, तोंडावर आणि कानांवरही केस, लोकर रेशमासारखी आणि गुंत्याला सगळ्यात लवकर बळी पडणारी. फ्रेंचचं तोंड स्वच्छ, लोकरीत जाड केस जास्त, विंचरायला सोपा. जर्मन मोठा, कानाच्या टोकांना झुबके. त्याची लोकर आपोआप गळत नाही, कातरावीच लागते. इंग्लिशची वर्षाची लोकर पाव किलोच्या थोडी पुढे जाते, चांगल्या जर्मनची किलोच्या घरात.

इथला सापळा असा: बाजारात कुठलाही केसाळ ससा 'अँगोरा' म्हणून विकतात. खूपदा तो संकर असतो. संकराला कमी लेखायचं कारण नाही, आमचा भुऱ्या संकरच आहे. पण त्याची लोकर आखूड निघते हे आधी माहीत असलेलं बरं. दुकानातून घेणार असाल तर दुकानाची नोंदणी बघा आणि पावती मागा; २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार नोंदणी सक्तीची आहे. आणि रानातला ससा कुणी पिल्लू म्हणून आणून दिला तर घेऊ नका. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो.

२. जवळ काय हवं

- थंड हवेचा ब्लोअर. कुत्र्यांसाठी मिळतो तो चालतो. घरचा हेअर ड्रायर असेल तर फक्त थंड झोतावर.
- स्टीलचा कंगवा, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला.
- मऊ तारांचा स्लिकर ब्रश.
- बोथट टोकांची पाच-सहा इंची कात्री, धार उत्तम. बोथट धारेची कात्री लोकर ओढते, आणि ओढलेल्या लोकरीबरोबर कातडी वर येते.
- नखं कापायचं लहान कटर.
- कॉर्नफ्लोर.
- ग्रॅम दाखवणारा किचन काटा.
- टेबलावर टाकायला रबरी चटई. पाय घसरले की ससा घाबरतो.
- नाकाला मास्क. हे तंतू फार बारीक असतात आणि हवेत तरंगत राहतात.
- कागदी पिशव्या, पेन, एक वही.

कागदपत्रं म्हणाल तर दोनच: खरेदीची पावती असल्यास ती, आणि डॉक्टरांची फाइल. पण सशांवर उपचार करणारे डॉक्टर आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत. फोन करून सरळ विचारा, "तुम्ही ससे नियमित बघता का?" परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असूद्या, पण ठाण्याहून भर दुपारी आजारी ससा तिथवर नेणं सोपं नाही. जवळचा एक नंबर हवाच.

३. रोजची दोन मिनिटं, आठवड्याचा अर्धा तास

रोज फक्त हात फिरवायचा. हनुवटीखाली, कानांच्या मागे, चारही बगलांत, शेपटीखाली. या ठिकाणी गुंता आधी होतो. बोटाला गाठ लागली की तेव्हाच सोडवायची. दोन दिवसांनी ती सुपारीएवढी होते, आठवड्याने तळहाताएवढी.

आठवड्यातून एकदा टेबलावर घ्यायचं. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि अंगाशी घट्ट. कान धरून कधीच नाही. मागचे पाय लोंबकळले तर ससा जोरात लाथ झाडतो, आणि त्या झटक्याने त्याचा स्वतःचा कणा मोडू शकतो.

आधी ब्लोअर, मग कंगवा. नवीन माणूस हमखास उलट करतो. हवेच्या झोताने केस कातडीपर्यंत उघडतात, कोंडा, धूळ, गवताच्या काड्या उडून जातात आणि गुंता कुठे आहे तो दिसतो. नुसता ब्रश वरवर फिरवत राहिलं तर वरचा थर मोकळा दिसतो आणि खाली जटा वाढत राहते. म्हातारीचं आमच्याकडे येण्याआधी नेमकं हेच झालं होतं. झोत शेपटीकडून डोक्याकडे न्या, तोंडावर आणि कानांत नको. पहिल्या दिवशी आवाजाची सवय व्हावी म्हणून ब्लोअर लांब ठेवून नुसता चालू करा आणि सशाला कोथिंबीर द्या. आमच्याकडे सवय लागायला तीन आठवडे गेले.

ब्लोअरखाली कोंडा स्वतःहून हलल्यासारखा दिसला तर ती उवांसारखी कीड असते. डॉक्टरांकडे जा. कुत्र्यांचं औषध घरी मारू नका. फिप्रोनिल असलेला फवारा सशाला जीवघेणा ठरतो.

४. जटा सोडवताना

पाणी नाही. शॅम्पू नाही. ओली झालेली आणि चोळली गेलेली लोकर एकमेकीत घट्ट रुतते. मेंढीच्या लोकरीचा नमदा असाच करतात. एका कुत्र्यांच्या पार्लरमध्ये म्हातारीला सुरुवातीला आंघोळ घातली गेली, माझ्या संमतीनेच, कारण मला माहीत नव्हतं. ती घरी आली तेव्हा पाठीवरची लोकरही जटून गेली होती, शिवाय ती थरथरत होती आणि दोन दिवस नीट जेवली नाही. शेपटीखाली घाण चिकटली असेल तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसून लगेच थंड झोताने सुकवा.

जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळा. मग जटा आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं घालून कातडी दाबून धरा, आणि दुसऱ्या हाताने जट लांबीच्या दिशेने उभी फाडत न्या. टोकाकडून सुरुवात, मुळाकडे शेवट. एका वेळी पाच मिनिटं पुरे. सशाने दात कराकरा वाजवले किंवा अंग आक्रसून डोळे वटारले तर थांबा, बाकीचं संध्याकाळी करा.

सुटत नसेल तर कापा. कापताना जटेत कात्री उभी घालून तिचे आधी दोन-तीन तुकडे करा, मग प्रत्येक तुकडा मोकळा करा. जट वर ओढून खालून कात्री कधीच चालवायची नाही. सशाची कातडी ओल्या कागदासारखी नाजूक असते आणि ओढलेल्या केसांबरोबर तंबूसारखी उभी राहते. कात्रीच्या पात्यांमध्ये लोकर आहे की कातडी, ते त्या क्षणी डोळ्यांना कळत नाही. माझ्या हातून म्हातारीच्या बगलेत अशी एक चीर गेली होती. दोन टाके पडले. तेव्हापासून मी कात्री आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा आडवा ठेवते आणि कंगव्याच्या वरूनच कापते. लोकर थोडी वाया जाते, जाऊ द्या.

५. कातरणी कधी

लोकर महिन्याला साधारण अडीच-तीन सेंटिमीटर वाढते. ७५ ते ९० दिवसांत ती कातरायला येते. त्याहून जास्त ठेवली तर गुंतायला लागते.

मी चार दिवस ठरवून टाकले आहेत आणि ते कॅलेंडरमध्ये शोधावे लागत नाहीत: होळी, वटपौर्णिमा, अनंत चतुर्दशी, दत्तजयंती. फाल्गुन, ज्येष्ठ, भाद्रपद, मार्गशीर्ष, बरोबर तीन-तीन महिन्यांचं अंतर. शिवाय होळीची कातरणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, वटपौर्णिमेची पावसाळ्याच्या तोंडावर आणि अनंत चतुर्दशीची ऑक्टोबरच्या उकाड्याआधी. त्या दिवशीच बसायचं असं नाही. विसर्जनाच्या ढोल-ताशांत तर मुळीच नको, पुढच्या शांत रविवारी घ्या. अधिक महिना मध्ये आला तर मात्र वहीतले दिवस मोजा, सणाची वाट बघू नका.

६. कातरणी कशी

१. आदल्या दिवशी ब्लोअर आणि कंगवा पूर्ण करून घ्या. कातरायच्या दिवशी गुंता सोडवत बसलात तर ससा थकतो.

२. सकाळची थंड वेळ, खिडकीजवळचा उजेड, पंखा बंद. पंखा चालू राहिला तर लोकर घरभर होते.

३. ससा चार पायांवर बसलेला असताना पाठीच्या कण्यावर कंगव्याने भांग पाडा. भांगाच्या एका बाजूने कातडीला समांतर, एकेक ओळ कापत खाली बाजूंकडे या. कातडीपासून एक सेंटिमीटर लोकर राहू द्या. एकाच फटक्यात खालपर्यंत कापायचं. वर लांब कापून पुन्हा खाली आखूड कापलं की बारीक तुकडे पडतात आणि ते सूत कातताना गोळ्यांसारखे अडकतात.

४. पाठ आणि बाजू झाल्या की थांबा. गवत द्या, पाणी द्या. माझ्या हाताने या भागाला पाऊण तास लागतो, पहिल्या वेळी दोन तास लागले होते.

५. पोट, बगला, मांड्या दुसऱ्या बैठकीत, दुसऱ्या दिवशी घेतलं तरी चालेल. इथे दुसरं माणूस हवंच. आई ससा मांडीवर तिरका धरते आणि मी कापते. मादीला आठ-दहा स्तनाग्रं असतात. प्रत्येक बोटाने शोधून त्यावर बोट ठेवूनच आजूबाजूचं कापा. नराच्या वृषणांवरची कातडी फार पातळ, तिथे कात्री नेऊच नका. हनुवटीखाली मादीला कातडीची घडी असते, तीही चटकन कात्रीत येते.

६. सशाला उताणं पाडून "शांत झाला" असं समजू नका. तो भीतीने निपचित पडलेला असतो.

७. पायांच्या तळव्यांवरची लोकर काढायची नाही. सशाला तळव्यांना गादी नसते, ती लोकरच त्याची गादी. काढली तर टाचांना जखमा होतात. त्याच कारणासाठी पिंजऱ्यात नुसती तारेची जाळी नको.

८. शेवटी नखं. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच कापा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर दाबून धरा.

कातरणीनंतर एक गोष्ट इथे सगळ्यांकडून सुटते. एसी २० वर असलेल्या खोलीत नुकता कातरलेला ससा गारठतो. पहिले चार-पाच दिवस एसी २५-२६ वर ठेवा, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका आणि भरपूर सुकं गवत घाला. कान हाताला बर्फासारखे लागले तर एसीचं तापमान आणखी वाढवा.

हाताने लोकर काढण्याबद्दल. इंग्लिश आणि फ्रेंच अँगोरा जेव्हा स्वतः केस टाकत असतात, तेव्हा सुटलेली लोकर चिमटीत सहज हातात येते. कातरलेल्यापेक्षा ती लांब आणि सुंदर निघते. पण निघते तेवढीच घ्यायची. जराही ओढ लागली, कातडी वर आली, की थांबा. जर्मनवर हे करायचंच नाही. २०१३ साली चीनमधल्या फार्मवर जिवंत सशांची लोकर ओरबाडतानाचे व्हिडिओ जगभर पसरले आणि अनेक मोठ्या कपडे कंपन्यांनी अँगोरा घेणं थांबवलं. ते बघितलेले लोक मला विचारतात, "तुम्हीपण तसंच करता का?" मी त्यांना कातरणीच्या वेळी घरी बोलावते. म्हातारी मेथीची काडी चघळत बसलेली असते.

७. पोटात गेलेली लोकर

हा भाग दोनदा वाचा. ससा स्वतःला सतत चाटतो आणि लोकर गिळतो. मांजर उलटी करून केस बाहेर काढतं, सशाला उलटी करताच येत नाही. पोट मंदावलं की लोकर आणि अन्न मिळून गोळा बसतो. रोज विंचरणं आणि वेळेवर कातरणं याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

उपाय गवत. आहारात ८० टक्क्यांच्या आसपास सुकं गवत हवं, ते चोवीस तास समोर. पेलेट (तयार गोळीखाद्य) मोजून, गाजर आणि फळं अगदी थोडी. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं.

रोज लेंड्या बघा. मोठ्या, गोल, कोरड्या असतील तर पोट चांगलं आहे. लहान झाल्या, किंवा केसांच्या धाग्याने माळेसारख्या जोडून आल्या, तर गवत आणि पाणी वाढवा आणि त्याच दिवशी पूर्ण विंचरा. बारा तास लेंडी नाही आणि खाणंही बंद, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री डॉक्टर. औषध घेताना तोंडावाटे अमॉक्सिसिलीन नको हे आठवण करून द्या. सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात.

पावसाळ्यात आणखी एक धोका: शेपटीखाली ओल राहिली की माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. जून ते सप्टेंबर मी ती जागा सकाळ-संध्याकाळ बघते, आणि तिथली लोकर नेहमीच आखूड ठेवते.

८. लोकर वेगळी करणं, ठेवणं

कापतानाच तीन पिशव्या उघड्या ठेवा. पहिलीत पाठ-बाजूंची लांब, स्वच्छ लोकर. दुसरीत मान, पोट, मांड्यांची आखूड. तिसरीत गुंतलेली, ती उशीत भरायला जाते. लघवीने पिवळी झालेली टाकून द्या. प्रत्येक पिशवीवर तारीख, सशाचं नाव, वजन. वहीत त्याच दिवशी सशाचंही वजन लिहा. लोकरीखाली ससा वाळत चाललेला डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतो.

पिशवी दाबून भरू नका. पावसाळ्यात ती बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. कसर लागू नये म्हणून मी वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून ठेवते. डांबरगोळ्या ससा असलेल्या घरात नकोत.

९. सूत

या लोकरीत मेंढीच्या लोकरीसारखं तेल नसतं, त्यामुळे स्वच्छ असेल तर न धुताच कातता येते. तंतू १२ ते १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, आपल्या दख्खनी मेंढीची घोंगडीची लोकर ३० च्या वर. त्यामुळे तो बोटांतून निसटतो. माझ्या आईने शाळेत सूतकताईच्या तासाला टकळी फिरवली होती. साठ वर्षांनी तिने कापसाच्या पेळूऐवजी म्हातारीची लोकर हातात धरली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "अगं, पीळ जास्त दे, नाहीतर सुटेल." तेच खरं. कापसाला देता त्याहून जास्त पीळ द्या, टकळी हलकी घ्या.

नुसत्या अँगोराचं विणकाम लोंबतं, कारण या तंतूला ताण घेऊन परत जागेवर यायची सवय नाही. सत्तर टक्के मऊ मेंढीची लोकर आणि तीस टक्के ही, असं मिश्रण चांगलं बसतं. विकत लोकर घेताना 'मोहेर' आणि 'अँगोरा' यांत गल्लत करू नका. मोहेर अँगोरा बकरीचं असतं. अंकारा शहराचं जुनं नाव अँगोरा, त्यावरून दोन्ही प्राण्यांना एकच नाव पडलं.

विणलेली वस्तू गार पाण्यात सौम्य साबण घालून नुसती बुडवा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी पसरा. आईच्या गुडघ्यांच्या पट्ट्या अशाच दोन हिवाळे टिकल्या आहेत, आणि तिसरी जोडी सध्या सुयांवर आहे.